थाळी वसमतची, हात मुंबईचा

नामदेव महाराजांना पुजाऱ्यांनी कीर्तनासाठी देवळामागे पिटाळलं आणि औंढ्याच्या नागनाथाचं देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, ही कथा आमच्या हिंगोली जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. जुन्या रेकॉर्ड प्लेयरचं वेड लागल्यापासून मला मात्र भलतीच शंका येते. एवढा दगड फिरला आणि घरघर कशी झाली नाही? माझ्याकडची एवढीशी थाळी फिरते, तर भीमसेनांबरोबर तिचाही खर्ज लागतो.

ही थाळी वसमतच्या एका मंडपवाल्याच्या अडगळीतली. लग्नात बाभळीवर भोंगा, खाली आहुजाचा ॲम्प्लिफायर आणि शेजारी ही, असा तिचा संसार. मोटर विजेच्या पन्नास सायकलवर चालणारी. त्यामुळे जनरेटर दमला की गायिकेचा आवाज घोगरा व्हायचा आणि वऱ्हाडी म्हणायचे, बाईला सर्दी झाली. मोटरची फिरकी थाळीला देणारं रबरी चाक वर्षानुवर्षं दांड्याला टेकून बसलेलं, म्हणून त्याला खड्डा पडलेला. दर फेरीला धप्प. ते नव्या रबराचं करून घेतलं, थाळीच्या दांड्याला शिलाई मशीनचं तेल घातलं.

सुई धरणारा हात मात्र मूळचा उरला नव्हता. तो मुंबईच्या चोरबाजारातून, मटन स्ट्रीटवरून आणला. आता थाळी वसमतची, हात मुंबईचा. दोघांचं पटवायचं म्हणजे मध्यस्थाची कसोटी. थाळीच्या मधल्या खुंटीपासून हाताच्या खुंटीपर्यंतचं अंतर दोनेक मिलिमीटर चुकलं, की रेकॉर्डच्या आतल्या बाजूला, म्हणजे ऐन तराण्यात, गवई फसफसायला लागतो. त्यात हात आणि सुई यांचंही आपसात जमावं लागतं. जड हाताला ताठ सुई, हलक्या हाताला लवचीक. दोघांचा मिळून झोका सेकंदाला आठ ते बारा यांच्या दरम्यान पडला पाहिजे. त्याखाली गेला तर वाकड्या रेकॉर्डची प्रत्येक लाट आणि घरातलं प्रत्येक पाऊल गाण्यात शिरतं. वर गेला तर तो स्वतःच गायला लागतो.

शिवाय ७८च्या जुन्या रेकॉर्डला एलपीची सुई चालत नाही. एलपीच्या सुईचं टोक इंचाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, ७८ला त्याच्या तिप्पट. २००८च्या सुमारास ब्रॉडगेज येईपर्यंत पूर्णा-अकोला मीटरगेजने फिरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. रूळ वेगळे, गाडी वेगळी.

वेग तपासायला एकशे ऐंशी रेघांची चकती थाळीवर ठेवतात. ३३⅓ फेऱ्यांना रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात, पण ट्यूबलाइट जुन्या चोकची हवी. नव्या एलईडीखाली बहुतेक वेळा नुसता चिखल दिसतो. म्हणून आमच्या घरी एक खोली अजून फडफडते. पाहुण्यांना वाटतं, आमचं ट्यूब बदलण्याइतकंही भागत नाही.

राहिलं सुईचं वजन. मंडपवाले हातावर पाच पैशांचं नाणं चिकटवून मोकळे व्हायचे. या हाताला मात्र पावणेदोन ग्रॅमच हवेत, आणि हिंगोलीत ग्रॅमचा हिशेब चोख कुठे होतो? सराफ्यात. गेलो प्लेयर उचलून. शेठजींनी काटा पुढे केला. थाळी काढली, काटा तिच्या उंचीला आणला, सुई अलगद टेकवली. दुकानात पाटल्या बघायला आलेल्या दोन बाया जवळ सरकल्या.

"काऊन हो, मोडायला आणलं का?" एकीनं हळूच विचारलं.

"नाही मावशी, वजन बघतोय."

"कशाचं?"

"टोकाला हिरा आहे."

हे बोलायला नको होतं. शेठजींनी डोळ्याला भिंग लावलं, सुईवर वाकले, बराच वेळ पाहिलं. काट्यावर दोन पूर्णांक एक दशांश आलं होतं. मी मागचं वजन एक आटा मागे घेतलं, एक दशांश उतरलं. आणखी घेतलं, एक पूर्णांक आठ.

"बस, बस," मी म्हणालो. वरचं अर्धं दशांश रेकॉर्ड सोसेल.

शेठजींनी सवयीनं चिठ्ठी ओढली, '१.८ ग्रॅम' लिहिलं आणि पेन तसंच धरून विचारलं, "गहाण ठेवायचंय का सर, की विकायचंच?"