धाव एक, मोजायच्या दोन

खेळ सोपा असतो, त्याचा अहवाल अवघड. मध्यंतरी एका संस्थेचा फॉर्म पाहण्यात आला. वस्तीतल्या दिव्यांग मुलांसाठी वर्षभर खेळांचा उपक्रम चालवला होता, आता त्याचं मूल्यमापन. लाभार्थी किती, टी-शर्ट किती वाटले, बॅनरसह फोटो जोडला का, आणि शेवटी ‘आत्मविश्वासात झालेली वाढ : एक ते पाच’. टी-शर्ट मोजता येतात. आत्मविश्वासाचं विचारलं की पोरगं आधी विचारणाऱ्या ताईंच्या आवाजाचा अंदाज घेतं आणि पुढच्या वर्षी नवा चेंडू मिळावा म्हणून ठणकावून ‘पाच’ सांगतं. एवढा व्यवहार कळतो म्हणजे आत्मविश्वास पाचाच्या वरच असणार!

बरं, हा खेळ कुणाच्या मेहरबानीचा नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारातलं कलम ३० खेळाबद्दल बोलतं आणि आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलंही कलम ३०च. आकडा जुळला, मैदान जुळायचं राहिलं. वस्तीतून तिथवर यायचं तर सोबतीला कुणीतरी लागतं, त्या कुणाचा तरी अर्धा रोज बुडतो आणि कुबड्या दिसल्या की रिक्षावाल्याला नेमकं दुसरीकडे जायचं असतं. फॉर्ममध्ये या सगळ्याची नोंद एकाच शब्दात होते : ‘गैरहजर’.

मूल्यमापनाची घाईही फार. पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ साली त्यांनी हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. सहासष्टच्या मार्चअखेर कुणी त्यांचा फॉर्म भरला असता, तर ‘अपेक्षित निष्पत्ती आढळली नाही’ असा शेरा पडून फाइल बंद झाली असती.

मोजणं कसं असावं ते अंध क्रिकेटकडून शिकावं. प्लॅस्टिकचा चेंडू, आत छर्रे, खुळखुळत येणारा. गोलंदाज ‘रेडी?’ विचारतो, फलंदाज ‘येस’ म्हणतो, मग ‘प्ले’ अशी आरोळी देऊन चेंडू हाताखालून सुटतो. तेवढा वेळ प्रेक्षकांनी गप्प बसायचं, आणि क्रिकेट बघताना गप्प बसणं आपल्या रक्तात नाही. मी पाहिलेल्या सामन्यात चेंडू निम्म्या वाटेवर असताना एका काकांचा फोन वाजला. काकांनी तो घेतला. ‘नंतर बोलतो, मॅच चाललीय!’ हे अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं, फक्त चेंडू ऐकू आला नाही.

या खेळात अकरांपैकी किमान चार जण पूर्ण अंध असावे लागतात. त्यांनी काढलेली धाव दुप्पट मोजतात आणि एक टप्पा पडून त्यांनी घेतलेला झेलही झेलच धरतात. कुणी कुरकुरत नाही. बावीस यार्ड सगळ्यांना सारखेच लांब नसतात, हे स्कोअररला पाठ असतं. मूल्यमापनाला हाच गडी पाठवला पाहिजे. दोन रिक्षा हुकल्यावर आईचा हात धरून चालत आलेल्या मुलीची हजेरी तो दोनदा लावील. टी-शर्टांचा हिशेब मात्र एकेरीच ठेवील.

त्या सामन्यात शेवटी शेवटी एका पोराच्या हातून टप्पा पडून आलेला सोपा झेल सुटला. कप्तान कडाडला, ‘हात काय खिशात ठेवले होतेस?’ बाकीच्यांनी यथाशक्ती भर घातली. माझ्या शेजारी त्याची आजी बसली होती. ‘घरी तांब्याभर पाणीसुद्धा आणू देत नाही हो आम्ही त्याला,’ असं तिनं मघाशीच कौतुकानं सांगितलं होतं. तिचा जीव कासावीस झाला. नातू मात्र तावातावानं भांडत होता : ‘आणि मगाशी तू दोन सोडलेस ते?’

फॉर्म छापणाऱ्यांना एवढंच सुचवावंसं वाटतं, की पुढच्या वर्षी एक रकाना वाढवा : बरोबरीच्या गड्यांकडून किती बोलणी खाल्ली, आणि किती परत केली.