मुळात ते घर कसं होतं?

आमच्या घराण्यात एकमताने झालेला ठराव एकच : सेलू तालुक्यातलं जुनं घर पाडायचं नाही, नीट करायचं, आणि नीट करताना त्याचं मूळ रूप राखायचं. ठराव झाला, माना डोलल्या, चहा आला, आणि चहा पिता पिता कुणीतरी विचारलं, मूळ रूप म्हणजे नेमकं कोणतं? तेव्हापासून आमच्याकडे पुन्हा कशावरही एकमत झालेलं नाही.

घर मातीचं. हातभराहून जाड भिंती, सागवानी मयाल, वर कवेलू, पुढे ओसरी, मागे आंगण, आंगणात विहीर आणि विहिरीवर भाऊबंदांचा अर्धा हक्क. काकांच्या मते मूळ रूप म्हणजे गावात वीज यायच्या आधीचं. आत्याच्या मते तिच्या लग्नातलं, कारण तेव्हा ओसरीला कमरेएवढा निळा ऑइलपेंट दिला होता आणि वऱ्हाडी मंडळींनी त्याची तारीफ केली होती. बाबांचं मूळ समोरच्या खोलीपुरतं आहे. तिथले कवेलू काढून त्यांनी तरुणपणी स्वतःच्या कमाईतून मंगलोरी कौलं घातली होती, आणि आता ती ‘अस्सल जुनी’ म्हणून हात लावू देत नाहीत. ही कौलं 1865 साली मंगळूरला बासेल मिशनच्या पाद्र्यांनी काढलेल्या कारखान्यातून देशभर पसरली, असं मी सांगून पाहिलं. बाबा म्हणाले, “मग? पाद्री काय वाईट काम करत होते?”

पुण्याचा पुतण्या सगळ्यांत तयारीनिशी आला होता. त्याच्या फोनमध्ये मूळ रूपाचे पुष्कळ फोटो होते. त्यातलं एक घर चेट्टिनाडचं, एक राजस्थानातलं, एक बहुधा इटलीतलं. आमच्या वाट्याला त्यातून पितळेची घंगाळी, झोपाळा आणि मातीसारखा दिसणारा महागडा रंग येणार होता. मातीच्या भिंतीला मातीसारखा रंग द्यायचा! काकूनं तो फोटो दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि फोन परत केला.

काका निवृत्त मास्तर आणि जुने सर्वोदयवाले. त्यांनी निकाल लावायला सगळ्यांना गाडीत कोंबून सेवाग्रामला नेलं. साधं, मातीचं, मूळ रूपातलं घर कसं असतं ते डोळ्यांनी पाहा म्हणजे तोंडं बंद होतील, हा हेतू. 1936 साली गांधीजी इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. घर आसपासच्या सामानाचं आणि गावच्याच हातांनी बांधलेलं असावं, ही त्यांची अट. काकांनी हे सगळं आदिनिवासापुढे उभं राहून, खडूचा हात उगाच हवेत फिरवत सांगितलं. तिथपर्यंत ठीक होतं.

पण पाहायला गेलेली माणसं पाहतात, हे काका विसरले. बापूकुटीत शिरल्यावर बायकोनं पहिली नोंद घेतली ती न्हाणीघराची. न्हाणी आणि संडास खोलीला लागूनच! काकांच्या आराखड्यात आमचा संडास विहिरीपलीकडे, चिंचेखाली होता, कारण तो ‘मुळात’ तिथे होता. बायको काही बोलली नाही, नुसतं काकांकडे पाहिलं. पुढे आश्रमातला टेलिफोन दिसला. गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगोनं तो बसवून दिला होता. पुतण्या तिथेच थबकला. “म्हणजे राउटर चालेल,” तो म्हणाला. आत्याला साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पकडलेला साप रानात सोडेपर्यंत ठेवायचा पिंजरा आवडला. आमच्याकडे दोन्ही हवेत, असं तिचं ठाम मत. साप पकडणार कोण, हे मात्र तिनं माझ्याकडे पाहत मोघम ठेवलं.

काकांना खरा धक्का पुढे बसला. बापूकुटी मुळात मीराबेननी स्वतःसाठी उभी केलेली, गांधीजी त्यात मागाहून राहायला आले. भिंतीवरची मातीत उठवलेली ताडाची झाडं, मोर, चरखा ही नक्षीही मीराबेनच्याच हातची. म्हणजे ज्या घराला मूळ रूपाचा नमुना म्हणून दाखवायला आणलं, त्याचं मूळच वेगळं! जमनालाल बजाजांनी स्वतःसाठी बांधलेली कुटी पुढे ‘आखरी निवास’ झाली, हे कळल्यावर काका झाडाखाली जाऊन बसले. परतताना गाडीत प्रत्येकाजवळ आपापल्या मताचा पुरावा होता.

रात्री पुतण्यानं आणखी एक सुरुंग लावला. काकांच्या कपाटात रस्किन आहे. 1904 साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना गांधीजींनी आगगाडीत त्याचं पुस्तक वाचलं, 1908 मध्ये ‘सर्वोदय’ नावानं ते गुजरातीत उतरवलं. काकांचं अर्धं आयुष्य त्या पुस्तकाच्या सावलीत गेलं. पुतण्यानं शोधून काढलं की याच रस्किननं 1849 सालच्या आपल्या वास्तुकलेवरच्या ग्रंथात जुन्या इमारती ‘पूर्ववत’ करण्याच्या उद्योगाला शुद्ध थाप म्हटलं आहे. वेळच्या वेळी डागडुजी करा म्हणजे असले सोहळे करायची पाळी येणार नाही, असा त्याचा एकूण सूर. काका गप्प झाले. काकू वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. ती म्हणाली, “हे सांगाले इंग्रज कायले पायजे? मी लगन होऊन आली तवापासून सांगून रायली, उन्हाळ्यात घर फेरा, घर फेरा. कोनी आयकते का?”

तर शेवटी घर फेरायचं ठरलं. म्हणजे मृगाआधी सगळे कवेलू उतरवायचे, फुटके वेगळे काढायचे, खालचे बांबू पाहायचे, उधई लागली असेल ते बदलायचे आणि पुन्हा रांगेनं रचायचे. ज्याच्याकडे हे काम येतं असा मिस्त्री पंचक्रोशीत आता एखाददुसराच. तो आला, वर चढला, बराच वेळ वरच राहिला आणि खाली येऊन म्हणाला, “कवेलू आना जी.”

कवेलू आणणार कुठून? कुंभार चाकावर मातीचा नळा ओढतो, ओला असतानाच त्याचे उभे दोन भाग करतो, वाळवून भाजतो. पण कुंभाराचा मुलगा पोकलेन चालवतो. त्याला दोष नाही. कवेलूला गिऱ्हाईक नव्हतं आणि पोकलेनला आहे. भिंतीच्या गाऱ्यात कालवायला गव्हांडा हवा, तर गहू आता हार्वेस्टर काढतो आणि गव्हांडा शेतातच उधळून जातो. सारवायला शेण हवं, तर गोठ्यात बैलांच्या जागी ट्रॅक्टर. आमच्या घराण्याला घर मूळ करायचं होतं. मिस्त्रीच्या यादीप्रमाणे आधी सगळं गाव मूळ करावं लागत होतं. वास्तुकार लॉरी बेकर सांगत असत की घराचं सामान पाच मैलांच्या आत मिळावं, हे त्यांना गांधीजींनी सांगितलं होतं. आमच्या पाच मैलांत सिमेंटची चार दुकानं आहेत.

सिमेंटनं आम्हाला पूर्वीही एकदा गाठलं होतं. ओसरीची भिंत ‘पक्की’ व्हावी म्हणून कुणीतरी (घरातल्या एकाही माणसाला हे आठवत नाही) तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला होता. मातीची भिंत ओल घेते आणि उन्हात सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, भिंत पोखरते आणि गिलावा फुगलेल्या पापडासारखा सुटतो. मिस्त्रीनं बोटानं टकटक केली, आतून पोकळ आवाज आला. तिसऱ्या टकटकीला गिलावा मोकळा झाला. मागे आत्याच्या लग्नातला निळा ऑइलपेंट निघाला, आणि आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आता तो तुकडा राखायचा आहे. पुतण्या त्याला फ्रेम करणार म्हणतो.

उपाय शोधत आम्ही दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रातही गेलो. 1976 पासून तिथे मातीच्या घरांवर काम चाललं आहे. कुंभारानं केलेल्या पेल्यासारख्या पोकळ नळ्या एकात एक बसवून कमानीचं छप्पर होतं, त्याला ना लाकूड लागतं ना लोखंड. मी आणि पुतण्या हरखलो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, छपराखाली उभं राहून गारवाही घेतला, आणि म्हणाले, “चांगलं आहे. पण आपल्याकडे हे मुळात नव्हतं.”

जपानात इसेचं देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेत जसंच्या तसं नव्यानं बांधतात आणि मग जुनं मोडतात. शेवटचं 2013 मध्ये बांधलं. तिथे लाकूड नवं असतं आणि देऊळ जुनंच म्हणतात. मी हे घरात सांगितलं नाही. भाऊबंदांच्या कानावर ‘शेजारच्या जागेत’ एवढंच गेलं असतं.

कवेलू अखेर मिळाले. शेजारच्या गावात एकाचं जुनं घर पाडून स्लॅब पडत होती, त्याचे आम्ही उचलून आणले. म्हणजे आमच्या मूळ रूपावर आता दुसऱ्याचं मूळ रूप बसलं आहे. ते बसवून मिस्त्री खाली उतरतो न उतरतो, तोच निंबावरच्या वानरांचा अख्खा कळप नवं काम तपासायला उतरला. त्यांच्याइतकं जुन्या घराच्या मूळ स्वरूपावर प्रेम कुणाचं नसेल. मंगलोरी कौलांकडे एकानंही ढुंकून पाहिलं नाही.

हिशेब करायला मिस्त्रीकडे गेलो. त्याचं घर घरकुल योजनेतलं, स्लॅबचं, गुलाबी रंगाचं. मे महिन्याची दुपार होती, पंखा गरम वारा फेकत होता, तरी त्यानं मला आग्रहानं आत बसवलं.

“मिस्त्री, तुमी सवता कवेलूचं घर काहून नाही ठेवलं?” मी विचारलं.

“तुमी ठेवा न जी,” तो म्हणाला. “वानरं तुमच्याकडं जातेत म्हनून तं मले झोप लागते.” मग पैसे मोजले, पुन्हा मोजले, आणि पुढच्या उन्हाळ्यातल्या फेरणीचा इसार आत्ताच टाकून ठेवा म्हणाला, कारण भाव वाढणार आहे.