शिळ्या पाण्यास अनावृत पत्र

मु. पो. निलंगा

श्रीमान शिळे पाणी (पूर्वाश्रमीचे ताजे पाणी) यांस,

साष्टांग नमस्कार वि. वि.

आज पहाटे गल्लीत नळ सुटला आणि पाच मिनिटांत आपली रवानगी नालीत झाली. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून आवाज दिला, "वो वैनी, पाणी सुटलं, ते शिळं टाका आधी!" लगेच टिपाडं आडवी झाली, घागरी पालथ्या पडल्या. काल रात्रीपर्यंत मात्र आपला काय रुबाब होता! पोराने एक तांब्या जास्त घेतला तर त्याचा उद्धार होत होता.

आपण नेमके शिळे कधी झालात, हे मला उमगलेले नाही. माकणीच्या निम्न तेरणा धरणात आपण गेल्या पावसाळ्यापासून मुक्कामाला होता. तिथे महिनोन्‌महिने उन्हात पडून राहिलात तरी ताजेच. आमच्या हौदात सहा दिवस काढलेत आणि विटलात. शिळ्या भाकरीचा निदान कुस्करा तरी होतो.

भांड्यांत आळ्या होतात, डेंगी होतो, आठवड्याला भांडी कोरडी करावीत, हे खरेच. पण संडासाची बादली आणि दारातला कढीपत्ता काय नालीपेक्षा लांब होते?

दुष्काळात आपल्या भाऊबंदांचा एकदा फार मान झाला होता. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. २०११ च्या जनगणनेतले लातूर शहर धरले तर माणशी सव्वा लिटर. एवढे तर आम्ही दाढी करताना सोडून देतो. सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त लोखंडी टाकीत डचमळत आलेल्या त्या पाण्याचा कुणी वास घेऊन पाहिला नाही. लातुरात पाण्याच्या ठिकाणांभोवती तेव्हा कलम १४४ लागले होते.

अशीच टंचाई पडली म्हणून २०१८ साली दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन शहराने माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली. जगभर हळहळ झाली. आपल्याकडे जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला ५५ लिटर द्यायचे, हे उद्दिष्ट आहे. त्यांची आणीबाणी आणि आमचे स्वप्न यांत अंतर पाच लिटरचे! शहरांना हिशेब १३५ लिटरचा. तहान बहुधा पिन कोड बघून लागत असावी.

आता एक कबुली. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या घरात एक मावशी राहते. तिच्याकडे नळ नाही. आज आपण तिच्या दारावरून नालीतून वाहत गेलात, तेव्हा ती घागर घेऊन आमच्या फाटकाशी उभी होती. आम्ही म्हणालो, "थांब मावशी, आधी आमचं भरू दे." ती थांबली. तिने आपल्याला जाताना पाहिले असणार. बोलली काही नाही.

राग मानू नये. पुढच्या खेपेला आपल्याला निदान कढीपत्त्यापर्यंत पोचवतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नळधारक

ता. क. : भांडी कधीच भरली. पत्र संपले तरी नळ वाहतोच आहे. त्याला तोटी बसवलेली नाही.