आपलाच धूर

इंजिनाला त्याचाच धूर परत पाजायचा, हे पहिल्यांदा ऐकलं की शिक्षाच वाटते. पण त्यामागचा विचार चोख आहे. हवेत 78 टक्के नायट्रोजन. एरवी हा कुणाच्या अध्यात ना मध्यात. सिलिंडरमधली आग फार भडकली की मात्र हा सज्जनही बिघडतो, ऑक्सिजनच्या नादी लागतो आणि विषारी ऑक्साइडं होऊन बाहेर पडतो. म्हणून एकदा जळून झालेला थोडा वायू ईजीआर व्हॉल्व्हमधून पुन्हा आत सोडायचा. उतू जाणाऱ्या दुधावर पाण्याचा हबका मारावा तसा.

दुखणं येतं काजळीचं. गावातल्या गावात दुसऱ्या गिअरवर रांगणाऱ्या जुन्या डिझेल गाडीत हा व्हॉल्व्ह असा लिंपला जातो की एक तर मिटत नाही, नाहीतर उघडत नाही. उघडा अडकला तर गाडी उभ्या जागी थरथरते, पिकअप जातो, मागून काळा धूर निघतो. बंद अडकला तर गंमतच. बऱ्याचदा मालकाला काही जाणवतच नाही. गाडी मजेत पळते, फक्त डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो.

मग स्कॅनर लावायचा. तो म्हणतो, ‘पी 0401’. म्हणजे परतीचा धूर कमी पडतोय. का कमी पडतोय, त्याबद्दल त्याने मौन धरलेलं असतं. तरी तेवढ्यावर व्हॉल्व्ह बदलायला सांगणारे आहेतच, आणि नवा बसवूनही तोच दिवा पुन्हा पाहणारे मालकही. दोषी कुणीही असू शकतो: तडकलेला व्हॅक्युम पाइप, सोलेनॉइड, बुजलेली नळी, हवा मोजणारा सेन्सर.

आमचे मेस्त्री जुन्या वळणाचे. व्हॅक्युमवरचा व्हॉल्व्ह असला की आधी पाइपच्या टोकाला बोट लावून ओढ येते का बघतात. मग हातपंप जोडतात. ओढ टिकली नाही, तर डायफ्राम गेला. टिकली पण दांडा हलला नाही, तर तो काजळीत रुतलाय. दोन्ही ठीक असलं, तर मेस्त्री नळीकडे संशयाने पाहू लागतात.

एवढ्यात हाताखालचा पोरगा हमखास म्हणतो, “साहेब, पत्रा मारून टाकू का? कटकटच नको.” म्हणजे धुराची वाटच बंद. आणि गंमत अशी, की पीयूसीला डिझेल गाडीच्या धुराची घनता मोजतात. ज्या ऑक्साइडांसाठी हा सारा खटाटोप, त्यांची चौकशीच होत नाही. पत्रा मारलेली गाडीही प्रमाणपत्र घेऊन ऐटीत बाहेर पडते आणि शहर ती ऑक्साइडं श्वासात घेतं.

मेस्त्री मात्र पत्रा मारत नाहीत. हे त्यांचं पर्यावरणप्रेम, असं मी समजत होतो. एकदा विचारलंच. व्हॉल्व्हवरची काजळी खरवडत ते म्हणाले, “पत्रा मारला तर तुम्ही परत कशाला याल?”