वर जाईना, खाली येईना

होडीच्या इंजिनाची थोरवी सांगताना लोक अश्वशक्ती सांगतात. ‘शंभराचं आहे’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात. ते शंभराचं इंजिन स्वतः वर जातं का, हे मात्र कोणी विचारत नाही. लग्नाच्या बाजारात मुलाचा पगार विचारतात, सकाळी किती वाजता उठतो ते विचारत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

देवबागला कर्लीची खाडी समुद्राला मिळते, तिथे वाळूचे बांध आज इथे तर उद्या तिथे. आउटबोर्ड इंजिन होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लटकलेलं असतं आणि त्याचा पंखा होडीच्या तळाच्याही खाली असतो. म्हणजे होडी तरते, पण पंखा वाळू खणतो. म्हणून पाणी उथळ झालं की इंजिन मागून उचलून तिरपं करायचं. हा झाला टिल्ट. धावत्या होडीत तेच इंजिन थोडंथोडं आत-बाहेर झुकवायचं, तो ट्रिम. फार आत घेतलं तर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाण्यात नाक खुपसते. फार बाहेर काढलं तर नाळ उड्या मारायला लागते, पंखा पाण्याऐवजी हवा घुसळतो आणि मागच्या बाकावरची मंडळी कुलदैवताची आठवण काढतात.

पूर्वी हे सगळं हातानं चाले. अमेरिकेत मिलवॉकीला ओले एव्हिनरूड नावाच्या गृहस्थानं 1909 साली आउटबोर्ड इंजिन विकायला काढलं, ते होतं दीड अश्वशक्तीचं आणि 62 पौंड वजनाचं, म्हणजे जेमतेम 28 किलो. होणाऱ्या बायकोसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणताना वल्ही मारून दमला, आइस्क्रीम वितळलं, म्हणून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. आज शंभराचं इंजिन दीडशे किलोच्या पुढे भरतं. ते उचलायला प्रेम पुरत नाही, हायड्रॉलिक लागतं.

हे हायड्रॉलिक म्हणजे फळीच्या कंसात बसवलेला एक आटोपशीर संसार. छोटी विजेची मोटर, तिच्या खाली पंप, शेजारी तेलाची टाकी आणि दट्ट्यांची नळकांडी. बटण दाबलं की रिले ‘टक’ करतो, मोटर ‘घूं’ करते, पंप तेल ढकलतो, दट्ट्या बाहेर येतो आणि इंजिन उठतं. वर घ्यायला एक रिले, खाली आणायला दुसरा. त्यामुळे बिघाड कुठे आहे ते निम्म्याहून अधिक कानांनीच कळतं. ‘टक’सुद्धा नाही, तर बटण, फ्यूज किंवा खाऱ्या हवेनं खाल्लेली वायर बघा. ‘टक’ आहे पण ‘घूं’ नाही, तर मोटर किंवा बॅटरी. ‘घूं’ आहे पण इंजिन ढिम्म, तर तेल कमी, तेलात हवा, नाहीतर कुठला तरी व्हॉल्व्ह उघडा. रात्री वर ठेवलेलं इंजिन सकाळी खाली बसलेलं दिसलं, तर दाब कुठून तरी झिरपतोय.

पण हे सगळं ऐकू यायला शांतता लागते. आणि कोकणात बिघडलेल्या यंत्राभोवती शांतता कुठून आणणार?

गेल्या मे महिन्यात माझ्या आतेभावाच्या होडीचं इंजिन ऐन सुकतीला वर यायचं नाकारून बसलं. होडीत डॉल्फिन बघून आलेले कोल्हापूरकर, पाणी गुडघ्याएवढं, आणि तेही निघालेलं. पाच मिनिटांत किनाऱ्यावर वैद्यकीय मंडळ जमलं. ‘बॅटरी उतारली आसतली,’ एकजण म्हणाला. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या काकांनी ब्रेक ऑइल घालायचा सल्ला दिला. त्यांना आवरावं लागलं, कारण ब्रेक ऑइलनं या यंत्राची रबरी सील फुगून निकामी होतात. पाहुण्यांपैकी एकाची उसाची ट्रॉली होती. ‘आमच्या ट्रॉलीच्या जॅकचं बी असंच हुतंय, पाइप फुटला असणार,’ म्हणत तो पॅन्ट दुमडून पाण्यात उतरला.

मग तेल बघायचं ठरलं. तर गंमत अशी की तेल बघायचं असेल तर इंजिन पूर्ण वर हवं. आणि इंजिन वर जात नाही म्हणूनच तर तेल बघायचं! खाली असताना टोपण उघडलं तर दाबातलं तेल थेट तोंडावर. ज्यानं ही रचना केली त्याला सरकारी कचेरीचा अनुभव असावा. पण त्यानं एक मागचं दारही ठेवलंय. कंसाच्या बाजूला एक स्क्रू असतो, तो उलटा फिरवला की तेलाचा अडसर सुटतो आणि इंजिन हातानं उचलता येतं. तो फिरवला, सहाजणांनी ‘हेऽ’ करत इंजिन उचललं, खालून अडकण लावली, पाहुणे उतरले.

तेवढ्यात मेस्त्री आले. टोपण काढून त्यांनी तेल बघितलं. भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरलेलं होतं, दुधाळही नव्हतं, म्हणजे आत समुद्राचं पाणी शिरलेलं नव्हतं. मग ते सगळ्यांकडे वळले. ‘वायच गप रवा. माका इंजिन आयकूचा आसा.’ शेजारच्या टपरीवरचं गाणं बंद झालं. बटण दाबलं. टक. पुन्हा टक. मेस्त्रींनी पान्याच्या दांड्यानं मोटरच्या अंगावर हलकेच दोन ठोके दिले आणि मोटर ‘घूं’ करून जागी झाली. आतले कार्बन ब्रश अडकले होते. सीझन संपला की बदलायचे, तोवर ठोके चालू.

मोटर गरगरत होती, पण इंजिन अडकणीवरून एक बोटभरही उठेना. पुन्हा मंडळाची बैठक बसायच्या बेतात होती. मेस्त्री वाकले, कंसाच्या बाजूला बोट फिरवलं आणि सरळ उभे राहिले.

‘ह्यो इस्क्रू कोणी ढिलो केल्यान?’

बॅटरी, पाइप, ब्रेक ऑइल, सगळ्यांवर ठाम मत असलेल्या त्या जमावात या एका प्रश्नावर कोणाचंच काही मत नव्हतं.