रिकामा पेनड्राईव्ह

रिकामा पेनड्राईव्ह नावाची वस्तू मराठी मध्यमवर्गीय घरात नसते. पेनड्राईव्ह असतात, पुष्कळ असतात. एक कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बमबरोबर मखमली डबीत आलेला. एक गाडीच्या स्टिरिओत कायमचा रुतून बसलेला. त्यात भावगीतं आणि मधेच कुणाचं तरी एमबीएचं प्रोजेक्ट. एक टोपण हरवलेला, एक कुठल्याशा सेमिनारात फुकट मिळालेला. पण रिकामा मागून बघा. पेनड्राईव्ह हातात पडायच्या आधी "त्यातलं काही पुसू नकोस हं" हे वाक्य पडतं. त्यात नेमकं काय आहे, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही.

आणि बूटेबल, म्हणजे ज्यावरून कॉम्प्युटर चालू करता येईल असा पेनड्राईव्ह करायचा तर पहिली अट हीच, की आधीचं सगळं गेलं पाहिजे.

सध्या ही वेळ घरोघरी येतेय. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला नारळ दिला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही त्यांच्या यादीतलाच लागतो. शेजारच्या काकांचा लॅपटॉप २०१६ सालचा. स्क्रीन लख्ख, की-बोर्डची एक की ढिली नाही, पण यादीत नाव नाही. काका बँकेतून व्हीआरएस घेऊन बाहेर पडलेले, त्यामुळे हा विषय त्यांना जरा लागतोच. "म्हणजे काय रे, हातपाय चालतायत तोवरच घरी बसवायचं?" शेवटी विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकायचं ठरलं. ते फुकट आहे, जुन्या यंत्राला पेलतं आणि दिसायलाही विंडोजपासून फार लांब नाही.

"मग ती फाईल डाऊनलोड कर आणि पेनड्राईव्हवर कॉपी करून टाक की," काका म्हणाले. "त्यात एवढं काय?"

त्यात एवढं असं, की कॉम्प्युटर चालू होतो त्या क्षणी फाईल म्हणजे काय, हेच त्याला धड ठाऊक नसतं. जुन्या बायोसची रीत अगदी साधी होती. डिस्कच्या सुरुवातीचे ५१२ बाइट उचलायचे, त्यातल्या शेवटच्या दोन बाइटांत ५५ आणि एए ही खूण आहे का बघायचं, आणि असली तर आत जे लिहिलंय ते डोळे मिटून करायचं. त्या ५१२ मधूनही खूण, पार्टिशनांचा तक्ता वगैरे वजा जाता आज्ञा लिहायला उरतात जेमतेम ४४६ बाइट. देवनागरीतलं एकेक अक्षरचिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत तीन-तीन बाइट खातं. म्हणजे आपल्या हिशेबाने दीडशेसुद्धा चिन्हं नाहीत. आमच्याकडे तेवढ्यात लग्नपत्रिकेचा मायना संपत नाही. तिथे अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम जागी करायची सुरुवात होते.

नवं यूईएफआय त्या मानाने शिकलंसवरलेलं. त्याला फॅट-३२ची पार्टिशन वाचता येते. तिच्यातल्या ईएफआय फोल्डरात, त्यातल्या बूट फोल्डरात, ठरलेल्या नावाची एक फाईल ते शोधतं. सापडली तर ठीक, नाही तर सरळ पुढच्या डिस्ककडे वळतं. डाऊनलोड केलेली ती फाईल, म्हणजे आयएसओ, नुसती नेऊन ठेवली तर ती उघडून आत डोकवायची तसदी ते घेत नाही. शिवाय फॅट-३२ला चार जीबीवरची एक फाईल पेलत नाही, आणि विंडोजच्या आयएसओमधली मुख्य फाईल तर अलीकडे सर्रास तेवढी फुगते. लिनक्स मिंटची फुगत नाही. (हे काकांना सांगितल्यावर त्यांना उगाचच बरं वाटलं.)

या सगळ्या भानगडी निस्तरणारा रुफस नावाचा प्रोग्रॅम पीट बटार्ड या गृहस्थाने २०११ मध्ये बाहेर आणला. आकाराने मोबाइलवरच्या एखाद्या फोटोएवढा, इन्स्टॉल करावा लागत नाही, पैसे मागत नाही. एकच खिडकी उघडते. डिव्हाइस कोणतं, आयएसओ कोणती, पार्टिशन स्कीम एमबीआर की जीपीटी, एवढं विचारते, आणि स्टार्ट दाबलं की ठळक इंग्रजी कॅपिटल अक्षरांत बजावते की या पेनड्राईव्हवरचा सगळा डेटा नष्ट होईल.

काकांनी ते मोठ्याने वाचलं आणि माझा हात धरला. "सगळाच? अरे, यात नैनिताल आहे!"

मग कॅन्सल केलं आणि नैनिताल उघडलं. फोटो होते खरे, आणि त्यातला प्रत्येक काकांच्या मोबाइलमध्ये आधीपासून होता. बाकी कुणाच्या तरी मुंजीच्या यादीची पीडीएफ, एक जुनं आयकर विवरण, 'न्यू फोल्डर'मधला 'न्यू फोल्डर', आणि झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणताना बरोबर आलेला शॉर्टकट व्हायरस. हा एवढा ऐवज, पण पुसायचा म्हटल्यावर काका हळवे झाले. यादी तेवढी काकूंना मेल केली. त्यांनी आतून विचारलं, "कशाची यादी?"

लिनक्सवाल्यांचा जुना डीडी हा कमांड असले लाड करत नाही. कुठून घ्यायचं आणि कुठे लिहायचं, एवढं सांगितलं की तो कामाला लागतो. एसडीबीच्या जागी एसडीए टाइप झालं तर पेनड्राईव्हऐवजी घरची हार्डडिस्क धुऊन मोकळा होतो, तेही एक शब्द न बोलता. त्याला डिस्क डिस्ट्रॉयर म्हणतात ते उगीच नाही. त्याचा वापर करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जो तुच्छतेचा भाव असतो, तो मला कधी जमला नाही. हात धरणारी माणसं आणि प्रोग्रॅम मला जास्त आवडतात.

रुफसमध्ये पुन्हा स्टार्ट दाबलं. हिरवी पट्टी सरकू लागली की करण्यासारखं काही उरत नाही, म्हणून जुने दिवस आठवतात. विंडोज ९५ फ्लॉपीवर घेतलं तर १३ फ्लॉप्या यायच्या, आणि एकीने जरी मान टाकली तरी आधीच्या सगळ्यांची मेहनत पाण्यात. मग सीडी आल्या. सीडीवरून कॉम्प्युटर कसा चालू व्हावा याचा नियम १९९५ मध्ये ठरला. त्याचं नाव एल टोरिटो, कारण कॅलिफोर्नियातल्या त्या नावाच्या हॉटेलात बसून तो सुचला असं सांगतात. २००५ पासून काही वर्षं तर उबुंटूवाले मागेल त्याला सीडी पोस्टाने फुकट पाठवत, भारतातसुद्धा. २०११ मध्ये ते बंद झालं. बर्न करताना बिघडलेल्या सीडी मात्र आजही आमच्या सोसायटीत कबुतरं पळवायला गॅलरीत टांगलेल्या आहेत. कबुतरं त्यांच्याशेजारीच बसतात.

पेनड्राईव्ह तयार झाला. आता लॅपटॉपला पटवायचं, की रोजच्या डिस्कला आधी न विचारता याला विचार. त्यासाठी चालू होताना एक की दाबायची. लेनोवो आणि डेलवर बहुधा एफ-१२, एचपीवर एफ-९, आणखी कुणाची एस्केप. दाबायची नेमकी केव्हा, याला मुहूर्त नाही, म्हणून लोक सुरुवातीपासून टकटक टकटक करत राहतात. त्यात विंडोज शट डाऊन केलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे पुरतं बंद होत नाही, रीस्टार्ट केलं तर होतं. हे काकांना तीनदा समजावलं. "बंद व्हायला चालू करायचं," असं त्यांनी ते लक्षात ठेवलं.

सिक्युअर बूटची गंमत याहून मोठी. ओळखीची सही असेल त्यालाच यंत्र आत घेतं, आणि बहुतेक लॅपटॉपांना ओळखीची असते मायक्रोसॉफ्टची सही. म्हणून मिंटच्या पेनड्राईव्हवर सुरुवातीला चालणारा छोटा प्रोग्रॅमही मायक्रोसॉफ्टने सही केलेला असतो. शाळा सोडल्याचा दाखला शेवटी त्याच हेडमास्तरांकडून घ्यावा लागतो, तसंच हे.

काही वेळ काळी स्क्रीन, आणि मग मिंटचा डेस्कटॉप आला. हार्डडिस्कला अजून धक्काही लागलेला नव्हता. सगळं त्या पेनड्राईव्हवरूनच चाललं होतं, आवडलं नाही तर उपटून टाकायचं. वायफाय लागलं, आवाज आला, मराठीत स्वतःचं नाव टाइप झालं. काकांनी सगळीकडे क्लिक करून पाहिलं, मेनू खालपर्यंत वाचला, परत वरपर्यंत वाचला.

"पत्ते कुठायत?"

मिंटमध्ये सॉलिटेअर आयतं येत नाही. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आइलरायट नावाचा खेळ घ्यावा लागतो, त्यात पत्त्यांचे ऐंशीच्या वर प्रकार आहेत, असं मी अभिमानाने सांगितलं.

"ऐंशी?" काका म्हणाले. "आणि आपला कितवा?"