गच्चीवरून बेळगाव

माझी बदली बेळगावला झाली तेव्हा निपाणीतल्या आमच्या गल्लीतले लोक मी अमेरिकेला चाललोय अशा चेहऱ्यानं भेटून गेले. पुण्याचा चुलतभाऊ मात्र फोनवर म्हणाला, "बेळगावात कसला एरिया शोधतोस? एसटीतनं उतरलास की समोर दिसेल ते गाव."

अंतर 75 किलोमीटरचं. पण 52 वर्षांत मी घर कधी शोधलंच नव्हतं. घर आजोबांनी बांधलं, मी त्यात फक्त जन्मलो. परराज्याचं मात्र मला कौतुक नाही. आमचं देवचंद कॉलेज निपाणीला लागून असलं तरी अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रात. मी पाच वर्षं रोज सायकलवरून महाराष्ट्रात जाऊन जेवायला कर्नाटकात परत आलोय. एवढं करूनही माझं कन्नड तीन शब्दांपुढे गेलं नाही: नीरू, बेकू आणि गोत्तिल्ला. पाणी, पाहिजे, माहीत नाही. सरकारी कचेरीत एवढ्यावर भागतं.

निर्णय घ्यायची वेळ आली की मी वही आखतो. लग्नाच्या वेळीही आखली होती. ती हिला कपाट आवरताना सापडली, तो विषय इथे नको. या वेळच्या वहीत उभे रकाने होते पाणी, कॉलेज, डास, भाडं आणि रेल्वे गेट. आडव्या ओळीत टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ. प्रत्येकाला दहापैकी गुण.

जुलैतल्या एका रविवारी भाच्याच्या गाडीतून निघालो. मी, ही, पोरगी आणि आई. तवंदीचा घाट चढलो. संकेश्वरला आई म्हणाली मिरच्या घेऊया, ही म्हणाली येताना. काकतीला, राणी चन्नम्माच्या माहेरी, दोघी पुन्हा बोलू लागल्या.

टिळकवाडीत माणसं पत्ता सांगताना पहिलं गेट, दुसरं गेट असा सांगतात. आम्ही पोचलो तेव्हा दुसरं पडलेलं होतं. मालगाडी जाईपर्यंत मी पोरीला सांगून घेतलं, की गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन 1924 साली इथंच भरलं, आणि त्यासाठी मुद्दाम विहीर खणली होती, ती अजून आहे. म्हणजे बेळगावात यायचं तर आधी पाण्याचं बघायचं, हे शंभर वर्षांपूर्वीच्या पुढाऱ्यांनाही कळलं होतं. पोरगी म्हणाली, "बाबा, डबे मोजालतो मी."

तिथल्या घरमालकांनी आत घेण्याआधी विचारलं, "व्हेज काय?" आई प्रामाणिकपणे म्हणाली, "होय की. बुधवार आणि रविवार सोडून." आम्ही चपला पुन्हा घातल्या.

शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं. आईचं माहेर सांगलीचं, त्यामुळे तिथल्या गल्ल्यांना तिनं न बघताच दहा गुण दिले. पण घर तिसऱ्या मजल्यावर निघालं आणि आईच्या गुडघ्यांनी ते गुण काढून घेतले.

मग वडगाव. हे विणकरांचं. गल्लीत शिरल्यापासून दोन्ही बाजूंनी मागांची खटखट सुरू. ही म्हणाली डोकं उठेल, शून्य गुण. मी म्हणालो आवाजाचा रकानाच नाही. तिथं आमचं वाजलं. रागाच्या भरात मी मालकांना विचारलं, "पाणी राकसकोपचं की हिडकलचं?" बेळगावात हे गोत्र विचारल्यासारखं असतं. ते म्हणाले, "भरपूर आहे." भरपूर या शब्दावर माझा विश्वास नाही. टाकी स्वतः बघावी म्हणून मी वही घेऊन एकटाच गच्चीवर गेलो.

टाकीत घोट्याएवढं पाणी होतं आणि एक प्लास्टिकचा चेंडू. मी पाण्यापुढे दोन गुण मांडतोय तेवढ्यात मागं कडी वाजली. माकडं शिरतात म्हणून मालकीणबाई गच्चीचं दार जिन्यातून लावून घेतात, हे मला नंतर कळलं. मालकांना कुणाच्या तरी बाराव्याला जायचं होतं, तेही कुलूप लावून गेले. आणि आमची मंडळी? मी दिसलो नाही, याचा अर्थ हिनं रुसून चालत पुढं गेला असा लावला. मी रुसलो की शोधायचं नाही, हा आमच्या घरचा 25 वर्षांचा नियम आहे. गाडी गेली. मोबाईल गाडीत चार्जिंगला.

मी ओरडलो. माग खटखटत राहिले. आवाजाचा रकाना असायला हवा होता.

अर्ध्या तासानं मराठी संपलं. मग कन्नड काढलं. दार उघडा याला काय म्हणतात, गोत्तिल्ला. उरले दोन शब्द, ते सगळा जीव एकवटून फेकले: "नीरू बेकू!" समोरची खिडकी उघडली. एका बाईनं माझ्याकडे, टाकीकडे, पुन्हा माझ्याकडे दयेनं बघितलं आणि हात हलवून सांगितलं, "नाळे! नाळे बरतैती!"

नाळे म्हणजे उद्या, एवढं मला अंदाजानं कळलं. उद्या सोडवायला येतील, असं मी समजलो.

मग पाऊस आला. बेळगावचा पाऊस येतो म्हणत नाही, सुरूच असतो, फक्त तुमच्यावर आत्ता पडायला लागलेला असतो. वही शर्टात घातली. टिळकवाडीचे सात गुण छातीवर उतरले.

"काय पावणं, भिजालासा की!"

शेजारच्या गच्चीवर साठी ओलांडलेली एक बाई दोरीवरचे कपडे ओढत होती. तिनं नातवाला किल्ली आणायला पिटाळलं आणि मला विचारलं, कुठलं गाव? मी म्हणालो, निपाणी.

कपडे खांद्यावर घेऊन ती तशीच पावसात उभी राहिली.

"अजून वास येतोय काय ओ? वखारींचा?"

येतो, म्हणालो. तंबाखूच्या दिवसांत अंथरुणात शिंका येतात.

"मी विड्या वळत होतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. पुण्याची वहिनी त्याला हसते. बोलता बोलता तिची बोटं चालू लागली होती. डाव्या तळव्यावर नसलेलं पान, त्यावर नसलेली चिमूट, अंगठ्यानं एक वळसा, टोक नखानं आत आणि शेवटी दोऱ्याची गाठ. चाळीस वर्षांत एकही विडी न वळलेल्या त्या बोटांनी बोलेपर्यंत चार-पाच संपवल्या.

"एक्याऐंशीला आंदोलन झालं, तवा मी नुकताच हितं नांदायला आलेलो. बाबा हायवेवर बसलेले. गोळीबार झाला एवढंच कळलं. कोण गेलं, कोण राहिलं, सांगायला कोण न्हाई. चौथ्या दिवशी चिठ्ठी आली. तवर जेवलो न्हाई."

शरद जोशींच्या तंबाखू आंदोलनातला तो एप्रिलमधला गोळीबार. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आम्हाला घराबाहेर सोडलं नव्हतं, आणि त्याचाच राग मला बरीच वर्षं होता. मी काही बोललो नाही. बाबा वाचले होते ना, हेही विचारायचं सुचलं नाही.

कडी निघाली तेव्हा दोन तास झाले होते. खाली गाडी उभी. मंडळी टिळकवाडीत आणखी एक घर बघून आली होती, जाताना एकदा आणि येताना एकदा गेटात अडकून. ही म्हणाली, "रुसायला गच्चीच मिळाली?" मग माझ्या अंगावर टॉवेल टाकला आणि म्हणाली, "वडगावला किती गुण?" वही उघडली. सगळी निळी.

तोवर आई शेजारच्या ओट्यावर बसली होती. वखारीच्या वासाचं चाललं होतं. पोरगीनं हाक मारली तर म्हणाली, "तुम्ही बघून या घरं, मी हितं हाय."

आम्हाला वडगावात येऊन आता आठ महिने झाले. पाणी चौथ्या दिवशी येतं, हिला मागांच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही. मालकांना मी एकच अट घातली होती, गच्चीच्या दाराची कडी काढून टाका. त्यांनी काढली. आता माकडं आत येतात.